वैनगंगेत किती पाण्यापर्यंत उतरावे?

ब्रह्मपुरी तालुक्यात नुकतीच बदली झाल्याचे कळवून आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत: गरी टाकण्यासाठी वैनगंगेत किती खोल पाण्यापर्यंत उतरावे, त्यासाठी गमबूट घ्यावेत का आणि बारा वर्षांच्या मुलाला सोबत न्यावे का. मी याच पट्ट्यात गेली ३५ वर्षे हौसेने मासेमारी करतो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिल्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे, की वाहत्या पाण्यात गुडघ्यापर्यंत उतरावे, पाणी जवळजवळ संथ असेल आणि तळ स्वतः चाचपलेला असेल तर मांडीपर्यंत, त्यापुढे नाही. मात्र केवळ खोलीवर भिस्त ठेवणे धोक्याचे आहे. पाण्याचा वेग दुप्पट झाला की पायांवर येणारा त्याचा जोर चौपट होतो, त्यामुळे संथ डोहाच्या काठी मांडीभर पाण्यात निवांत उभा राहणारा माणूस धारेत गुडघाभर पाण्यातही आडवा होऊ शकतो. उतरण्यापूर्वी वाळलेली काडी धारेत टाकावी आणि तिच्याबरोबर काठाने चालून पाहावे. आपल्या नेहमीच्या चालीने तिला गाठता आले नाही, तर त्या ठिकाणी पाण्यात पाय घालू नये.

खोली आणि वेग डोळ्यांना निदान दिसतात. तळ दिसत नाही, आणि आपल्या भागात खरा घात तळच करतो. उन्हाळ्यात पात्रातून रेती उचलली जाते, खड्डे पडतात, आणि पावसाळ्यातला पूर त्यांतील काही अर्धवट भरतो, काही तसेच ठेवतो, तर काही नव्याने कोरतो. वरून मात्र पाणी सपाट आणि निरागस दिसते. गेल्या वर्षी जिथून बैलबंडी उतरली, तिथे यंदा दोन पुरुष पाणी असू शकते, हे मी ऐकून नव्हे तर भोगून सांगतो.

साधारण १५ वर्षांपूर्वी, दिवाळीनंतरच्या एका सकाळी, मी चुलबंद नदीत अशाच ओळखीच्या उतारावर फेकजाळे घेऊन उभा होतो. पाणी जेमतेम गुडघ्याला लागत होते. जाळे फेकले, ते नीट गोल पडले, आणि ते ओढण्यासाठी मी दोन पावले पुढे सरकलो, तोच पायाखालची रेती कोणी चादर ओढावी तशी खाली घसरली. खड्ड्याची कड भुसभुशीत असते. माणूस जितकी धडपड करतो, तितकी ती अधिक ढासळते. त्यातच जाळ्याची दोरी मी मनगटाला गाठ मारून बांधली होती आणि जाळे तळातल्या मुळीत अडकले होते. ओली गाठ सुटता सुटेना. काठावरच्या भोई काकांनी बांबू पुढे केला आणि ओरडले, “हात नको मागू, बांबू धर!” त्यांनी हात दिला असता, तर दोघेही आत गेलो असतो. दोरी अखेर मनगटाची कातडी सोलूनच निघाली.

त्या दिवसापासून मी दोरी मनगटाला बांधत नाही; मूठ उघडताच निसटेल असे तिचे मोकळे कडे बोटांत धरतो आणि लहान सुरी कमरेला ठेवतो, कारण तळाशी पडलेली जुनी नायलॉनची जाळीही पायांत गुंततात. काठावर पाण्याच्या दिशेने गेलेल्या ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या दिसल्या, किंवा उथळ पाण्याच्या मध्येच गडद रंगाचा संथ पट्टा दिसला, तर तिथे खड्डा आहे असेच समजावे.

दुसरी गोष्ट परतीच्या वाटेची. वैनगंगा मध्य प्रदेशातील शिवनी जिल्ह्यात उगम पावते, कन्हान छिंदवाडा जिल्ह्यातून येऊन तिला मिळते, आणि आपल्या तालुक्याच्या वर गोसेखुर्द धरणाचे ३३ दरवाजे आहेत. त्यामुळे ब्रह्मपुरीत कडक ऊन पडलेले असतानाही नदी फुगू शकते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत जो पूर आला, तो मुख्यतः वरच्या भागातून आलेल्या पाण्याचाच होता. धरणाचा भोंगा किंवा गावातली दवंडी प्रत्येक वेळी पात्रापर्यंत ऐकू येईलच, असे धरून चालू नये. माझी पद्धत अशी आहे, की उतरताना पाण्याच्या कडेला एक काडी रोवायची आणि दर थोड्या वेळाने तिच्याकडे पाहायचे; पाणी चार बोटे वर सरकले, निवळ पाणी गढूळ होऊ लागले किंवा फेस आणि पालापाचोळा वाहत येऊ लागला, तर गळाला मासा लागलेला असला तरी बाहेर यायचे. पात्रातल्या रेतीच्या बेटावर मी अलीकडे जातच नाही, कारण पाणी वाढताना बेट शाबूत दिसते, पण त्याच्या मागची धार आधी खोल होते.

बंधाऱ्याखालची जागा सर्वांत मोहाची आणि सर्वांत वाईट. पहिल्या पावसात चढणीचे मासे तिथे अडतात, म्हणून लोकही तिथेच जमतात. परंतु वरून पडणारे पाणी तळाशी जाऊन पुन्हा बंधाऱ्याकडे वळते, आणि त्या फेऱ्यात सापडलेले लाकूडदेखील बराच वेळ जागच्या जागी गरगरत राहते. पट्टीचा पोहणाराही त्यातून सहसा सुटत नाही. तिथे काठावरूनच गरी टाकावी. कोणी पाण्यात विजेचा करंट सोडून मासे मारत असेल, तर त्या गावचे पाणी त्या दिवसापुरते सोडून द्यावे. आकाशात गडगडाट ऐकू आला तरी तेच करावे, कारण कार्बनची गरी वीज वाहून नेते.

पाण्यात चालताना छातीइतका उंच, मजबूत बांबू घ्यावा आणि तो वरच्या अंगाला, म्हणजे पाणी ज्या बाजूने येते तिकडे टेकवावा. आधी बांबू, मग एक पाय, तो स्थिरावल्यावर दुसरा. पाय उचलून न टाकता सरकवावेत आणि एकमेकांवरून ओलांडू नयेत. अंग धारेला आडवे न ठेवता धारेकडे कूस करून उभे राहावे, म्हणजे पाण्याला कमी जागा मिळते. एवढे करूनही वाहून जाऊ लागलात, तर उताणे व्हावे, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवावेत आणि हातांनी वल्हवत तिरके काठाकडे सरकावे. मध्येच उभे राहण्याचा प्रयत्न करू नये; दगडांच्या फटीत पाऊल अडकले, तर धार माणसाला तिथेच दाबून ठेवते.

गमबूट घेऊ नयेत. ते भरले की पाय उचलत नाही आणि गुळगुळीत तळ शेवाळावर टिकत नाही. जुने नाडीचे कॅनव्हास बूट पुरेत, आणि खडकाळ जागी त्यांवरून जाड लोकरी मोजे चढवले की पकड बरीच सुधारते. वाचलेल्या पैशांत लाइफ जॅकेट घ्यावे. मला हे शहाणपण उशिरा सुचले. जॅकेट येईपर्यंत झाकण घट्ट लावलेला ५ लिटरचा रिकामा कॅन आणि लांब दोरी काठावर ठेवावी. कोणी बुडत असेल, तर तो कॅन फेकावा, आपण उडी घेऊ नये. बाहेर काढलेल्या माणसाचा श्वास बंद असेल, तर पोट दाबत किंवा उलटे टांगत वेळ घालवू नये. तोंडाने श्वास द्यायला आणि छाती दाबायला लगेच सुरुवात करावी, आणि दुसऱ्याने १०८ ला फोन करावा.

मुलाविषयी माझे मत थोडे कठोर आहे. पहिले वर्षभर त्याला नदीवर नेले तरी पाण्यात उतरवू नये. जॅकेट घालून काठावर बसवावे आणि छोटी गरी हाती द्यावी. आपण स्वतःही पहिल्या महिन्यात एकटे जाऊ नये. पहाटे जाळी काढून परतणारे ढिवर बांधव घाटावर भेटतात. त्यांच्याकडून मासे विकत घ्यावेत आणि यंदा रेती कोठून कोठवर उचलली, एवढे विचारून घ्यावे.