लहानपणी हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस झाले, तरी अँटीबॉडी फक्त ४ आल्या. लस वाया गेली का?

बहुधा नाही. पण नक्की काय ते या एका रिपोर्टवरून कुणालाच सांगता येणार नाही, तुमच्या कॉलेजलाही नाही.

मी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. नर्सिंगच्या प्रवेशासाठी टायटर, म्हणजे रक्तातल्या अँटीबॉडीचं प्रमाण मोजायची तपासणी, करायला सांगितलं, आकडा ४ आला आणि आता सगळे डोस पुन्हा घ्यावे लागणार की काय, ही तुमची धास्ती माझ्या चांगली ओळखीची आहे. दर वर्षी प्रवेश सुरू झाले की असे रिपोर्ट घेऊन मुलं-मुली येतातच.

तुमची जी तपासणी झाली ती अँटी-एचबीएस. विषाणूच्या बाहेरच्या आवरणावर एक प्रथिन असतं. लशीत तेवढं एकच प्रथिन असतं, विषाणू नसतोच. त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेल्या अँटीबॉडी या तपासणीत मोजतात. १० एमआययू प्रति एमएल किंवा त्याहून जास्त आलं तर संरक्षण आहे, असं धरतात. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. रिपोर्टवर छापलेलं नसतं ते असं, की १० ची ही रेषा शेवटचा डोस घेऊन एक ते दोन महिने झाल्यावर केलेल्या तपासणीसाठी आहे. तेव्हा १० च्या वर गेलेला माणूस लशीला प्रतिसाद देणारा ठरतो. पुढे वर्षं जातात तसा आकडा उतरत जातो. ज्यांना तान्हेपणी लस मिळाली त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा आकडा विशीपर्यंत १० च्या खाली आलेला असतो.

आकडा उतरला तरी स्मृतिपेशी, म्हणजे विषाणूची ओळख लक्षात ठेवणाऱ्या पेशी, राहतात. हिपॅटायटिस बीचा विषाणू सावकाश वाढतो. तो शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण दोन ते पाच महिने जातात, आणि स्मृतिपेशींना नव्याने अँटीबॉडी बनवायला काही दिवस पुरतात. म्हणून तर निरोगी माणसाला ठरावीक वर्षांनी बूस्टर घ्यायला सांगत नाहीत. डायलिसिसवर असलेल्यांचं वेगळं. त्यांचा टायटर दर वर्षी बघतात आणि १० च्या खाली गेला की बूस्टर देतात.

मग कॉलेज अडून का बसतं? कारण तुमचा आकडा पूर्वी कधी १० च्या वर गेला होता का, हे कुणीच पाहिलेलं नाही. ४ म्हणजे चढून उतरलेला आकडा असेल किंवा मुळात चढलाच नसेल. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. आणि ज्याला रोज सुया हाताळायच्या आहेत त्याच्या बाबतीत हे अंदाजावर सोडून चालत नाही, इथे मी कॉलेजच्या बाजूची आहे.

यावर उपाय आहे एका डोसचा. एक डोस घ्या आणि एक ते दोन महिन्यांनी पुन्हा अँटी-एचबीएस करा. स्मृती शाबूत असेल तर आकडा झपाट्याने वर जातो, कित्येकदा शेकड्यांत. १० किंवा वर आला की विषय संपला. तो रिपोर्ट जपून ठेवा. तुमची प्रतिकारशक्ती धडधाकट असेल तर पुढच्या नोकरीत पुन्हा टायटर करायची गरज नाही. तरीही खालीच राहिला तर उरलेले दोन डोस घेऊन मालिका पुरी करायची आणि परत एक-दोन महिन्यांनी तपासायचं. म्हणजे तिन्ही डोस आधीच ठरवून टाकायची घाई नको.

आकड्याकडे फार बारकाईने बघू नका, हेही लॅबमधली म्हणूनच सांगते. वेगवेगळ्या कंपन्यांच्या किटवर एकाच नमुन्याचे आकडे थोडे वेगळे येतात, त्यामुळे ८ आणि ११ मधला फरक वाटतो तेवढा पक्का नसतो. मैत्रिणीचा टायटर हजार आला म्हणून ती शंभरवाल्यापेक्षा दहापट सुरक्षित, असंही काही नाही.

आणखी दोन तपासण्या याच निमित्ताने करून घ्याव्यात, असं माझं मत आहे. पहिली एचबीएसएजी. ती विषाणूच्या आवरणावरचं ते प्रथिनच रक्तात शोधते, म्हणून पॉझिटिव्ह आली तर विषाणू सध्या शरीरात आहे. काही जण अजून तिला ऑस्ट्रेलिया अँटिजेन म्हणतात, कारण अमेरिकी शास्त्रज्ञ बरूच ब्लमबर्ग यांना हे प्रथिन पहिल्यांदा सापडलं ते ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासीच्या रक्तात. १९७६ चं नोबेल त्यांना मिळालं. दुसरी तपासणी अँटी-एचबीसी, म्हणजे विषाणूच्या आतल्या गाभ्याविरुद्धच्या अँटीबॉडीची. ती लशीमुळे पॉझिटिव्ह होत नाही, त्यामुळे पूर्वी खरा संसर्ग होऊन गेला का ते कळतं. अँटी-एचबीएस न चढण्याचं एक कारण छुपा जुनाट संसर्ग हेही असतं, म्हणून दुसरी मालिका फसली की या दोन्ही कराव्याच लागतात. मग आधीच का नको? पण रक्त डोस घेण्याआधी द्या. लशीतलं प्रथिन काही दिवस रक्तात फिरतं आणि डोसनंतर साधारण अठरा दिवसांपर्यंत एचबीएसएजी उगाच पॉझिटिव्ह दाखवू शकते. त्यात घाबरगुंडी उडालेली माणसं मी पाहिली आहेत.

दोन पूर्ण मालिकांनंतरही प्रतिसाद न देणारे थोडे जण असतात. चाळिशीनंतर लस घेणारे, लठ्ठ, धूम्रपान करणारे यांच्यात प्रमाण जास्त. त्यांनाही काम करता येतं. फक्त बाधित रक्ताची सुई टोचली तर लगेच, शक्यतो २४ तासांच्या आत, तयार अँटीबॉडीचं म्हणजे इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन घ्यायचं आणि महिन्याने दुसरं.

डोस दंडात घ्या, कुल्ल्यात नको. तिथे चरबीत गेला तर प्रतिसाद कमी येतो. आणि तारीख कार्डावर लिहून घ्या, पुढच्या तपासणीचे एक-दोन महिने त्या तारखेपासून मोजायचे आहेत.