तिचा निबंध तिलाच लिहू द्या

प्रश्न : माझी मुलगी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. गुण चांगले आहेत. अमेरिका-युरोपात एरोस्पेसमध्ये कुशल माणसांचा तुटवडा आहे, असं सतत वाचतो. पण तिथल्या कंपन्या आता इंजिनिअरिंगचं काम शेजारच्या देशांत हलवताहेत. दार बंद व्हायच्या आत शिरायला हवं, म्हणून आम्ही अमेरिकेत एमएस करायचं ठरवलं आहे. हिचं मात्र भलतंच. इंटर्नशिपमध्ये सहा महिने नाण्याने पॅनेल ठोकून आवाज ऐकत बसली, आणि आता तेच काम शिकायचं म्हणते. अर्जासोबतचा निबंध मी लिहून जोडला आहे. तो तपासून द्यावा आणि तिला समजवावं. - एक वडील

उत्तर : निबंध वाचला. तपासून देणार नाही.

'लहानपणापासून विमानांनी मला वेड लावलं' अशी त्याची सुरुवात आहे. हे वेड कोणाचं? दोन पानांच्या निबंधात त्या पॅनेलचा उल्लेखही नाही. सहा महिने मन लावून केलेलं काम वडिलांना लिहिण्याजोगं वाटलं नाही, हे तो वाचताना तिला काय वाटलं असेल? की तिला तो दाखवलेलाच नाही? विद्यापीठ तो मजकूर तिचा समजून वाचणार, खाली नाव तिचं असणार आणि उद्या काही विचारलं तर उत्तर तिलाच द्यावं लागणार. तुमची काळजी खरी आहे, यात शंका नाही. पण एकविशी गाठलेल्या मुलीच्या तोंडी आपले शब्द घालणं ही काळजी नव्हे.

तुम्ही ज्याला 'ठोकणं' म्हणता, ते काय आहे तेही सांगतो. कॉम्पोझिट पॅनेलमध्ये थरावर थर चिकटवलेले असतात. नाण्याने हलकेच टिचकी मारली की चांगला भाग खणखणीत वाजतो, आणि आत थर सुटले असतील तिथे आवाज बद्द येतो. पण खाली रिब, म्हणजे आतून आधार देणारी पट्टी, आली तरी आवाज बदलतो, आणि तो दोष नसतो. हा फरक कानाला कळायला महिने जातात. मग अल्ट्रासॉनिकने, म्हणजे कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरींनी, खात्री करायची. भाग न तोडता आतला दोष शोधण्याच्या या कामाला एनडीटी म्हणतात.

तुमचा खरा गैरसमज 'तुटवडा' या शब्दाबद्दल आहे. तुटवडा आहेच. 2020 मध्ये विमान वाहतूक ठप्प झाली तेव्हा अनेक मुरलेल्या माणसांना कमी केलं गेलं, काहींनी लवकर निवृत्ती घेतली. मागणी परत आली, त्यातले बरेच परतले नाहीत. म्हणजे कमी आहेत ते मुरलेले हात. नव्या पदवीधरांसाठी कोणी पायघड्या घातलेल्या नाहीत, परदेशी पदवीधरांसाठी तर नाहीतच. अमेरिकेत आयटार नावाचे निर्यात-नियम आहेत. लष्करी सामग्रीची तांत्रिक माहिती परदेशी माणसाला दाखवणं हीच त्यांच्या लेखी निर्यात, मग तो अमेरिकेतल्याच टेबलापाशी बसलेला का असेना. नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड नसेल, तर साधारणपणे सरकारी परवान्याशिवाय त्याला अशा सामग्रीचं ड्रॉइंग दाखवता येत नाही. प्रवासी विमानांच्या कामात नियम इतके कडक नाहीत, पण दोन्ही कामं करणाऱ्या कंपन्या अनेकदा भरतीच्या वेळीच ही अट घालतात. जीआरई, टोफेल, व्हिसा हा रस्ता तुम्हाला पाठ आहे. त्याच्या टोकाला काय आहे, ते मात्र तुम्ही पाहिलेलं नाही.

शेजारच्या देशांत काम हलवणं हा त्याच तुटवड्यावरचा उपाय आहे. आणि शेजारच्याच का? विमानाच्या जुळणीत एखादं भोक कडेच्या फार जवळ पडलं की काम अडतं. भाग दुरुस्त करायचा की टाकून द्यायचा, हे ठरवून इंजिनिअरने सही केल्याशिवाय तो पुढे जात नाही. तो इंजिनिअर घड्याळात दहा तासांचा फरक असलेल्या दूरच्या देशात झोपलेला असेल, तर अख्खी शिफ्ट गेली. कॅनडाच्या बॉम्बार्डियरने 2006 मध्ये मेक्सिकोतल्या केरेतारोत काम सुरू केलं, ते वायर हार्नेसपासून, म्हणजे विमानातल्या तारांच्या जुड्यांपासून. पुढच्याच वर्षी तिथे विमान उद्योगासाठी सरकारी विद्यापीठ उभं राहिलं. पुढे विमानाचे मोठे भाग तिथे बनू लागले. मोरोक्कोत कासाब्लांकालाही 2011 पासून उद्योगानेच चालवलेली प्रशिक्षण संस्था आहे. आधी हात तयार झाले, मोठं काम मागून आलं. तुमची मुलगी नेमकी त्या हातांच्या बाजूला उभी आहे.

तिलाही एक सांगायचं आहे. विमान उद्योगात एनडीटीसाठी एनएएस 410 आणि ईएन 4179 ही मानकं आहेत. त्यात नुसती परीक्षा पुरत नाही. प्रशिक्षणाचे आणि प्रत्यक्ष कामाचे तास नोंदलेले लागतात. प्रमाणपत्र कंपनी देते, आणि नोकरी बदलली की नव्या कंपनीला ते नव्याने द्यावं लागतं. म्हणून ती जिथे हे काम शिकणार, ते वर्कशॉप हे तास लेखी नोंदवून देणार का, हे तिने रुजू व्हायच्या आधी विचारावं. उत्तर गुळमुळीत आलं, तर दुसरी जागा शोधावी. पुढे तिलाच एमएस करावंसं वाटलं, तर जरूर करावं.

तिला मी काही समजावणार नाही. तुम्हीच तिच्याबरोबर एकदा त्या वर्कशॉपमध्ये जा. नाणं हातात घ्या, पॅनेलवर टिचक्या मारत जा, आणि थर कुठे सुटलेत ते ती सांगायच्या आधी तुम्हाला ओळखता येतं का बघा.