स्पर्धेतून बाद झालेला गेम आयोजकांचा कसा?

प्रश्न : मी २१ वर्षांचा असून नाशिकला अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात शिकतो. माझी मामेबहीण १७ वर्षांची आहे. आम्ही दोघांनी हौशी गेम डेव्हलपरांच्या ४८ तासांच्या ऑनलाइन स्पर्धेत गेम पाठवला. कोड माझा, चित्रे तिची. ‘गेम विंडोजवर चालणारा हवा, झिप फाइल कमाल १० एमबी, सोबत सोर्स कोड’ अशा अटी होत्या. आमची फाइल १,०२,११,३४० बाइट्सची होती. ती मोठी ठरवून आम्हाला बाद केले गेले. मात्र तोच गेम आता आयोजकांच्या ॲपमध्ये आमच्या नावांशिवाय दिसतो. ‘प्रवेशिका पाठवताच सर्व हक्क आमचे’ हा नियम ते दाखवतात. नोंदणी करताना मी ‘मान्य’वर टिचकी मारली होती. आम्हाला काय करता येईल?

उत्तर : आपल्या पत्रात दोन तक्रारी आहेत आणि आपण त्या एकत्र गुंफल्या आहेत. बक्षिसाची तक्रार वेगळी, गेमच्या मालकीची वेगळी. पहिलीत आपली बाजू मांडण्याजोगी आहे. दुसरीत ती माझ्या मते भक्कम आहे. म्हणून नोटीस देताना मालकीचा मुद्दा आधी घ्यावा.

तरी आकाराचे आधी सांगतो, कारण तिथे खरा घोळ शब्दाचा आहे. भारतीय करार कायदा, १८७२च्या कलम ८नुसार प्रस्तावातील अटींची पूर्तता करणे हीच त्या प्रस्तावाची स्वीकृती ठरते. त्यामुळे जाहीर केलेली स्पर्धेची नियमावली ही आयोजकांवरही बंधनकारक असते. आता १० एमबी म्हणजे किती? दशमान पद्धतीने १,००,००,००० बाइट्स, तर १०२४च्या पटीने १,०४,८५,७६०. आपली फाइल नेमकी या दोहोंच्या मध्ये पडते. हीच फाइल मॅकवर १०.२ एमबी दिसेल आणि विंडोजवर ९.७३ एमबी. ज्या नियमावलीने गेम विंडोजवर चालला पाहिजे असे सांगितले, तिच्यातील ‘एमबी’ विंडोज दाखवते त्याच अर्थाने वाचावा, हा युक्तिवाद रास्त आहे. शिवाय संदिग्ध अटीचा अर्थ ती लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावावा हे तत्त्व न्यायालयांना परिचित आहे. २०१२ पासून होणाऱ्या जेएस१३केगेम्स या गेम बनवण्याच्या ऑनलाइन स्पर्धेत १३ किलोबाइटची मर्यादा १३,३१२ बाइट्स अशी आकड्यात दिलेली असते, त्यामुळे तिथे असा वाद उद्भवत नाही. ‘परीक्षकांचा निर्णय अंतिम’ या वाक्याने घाबरू नये. गेम किती रंजक आहे हे परीक्षकांनी ठरवावे, त्यात न्यायालय सहसा पडत नाही. बाइट्सची मोजणी मात्र कोणाच्या आवडीनिवडीचा विषय नाही. तथापि बाद झाला नसतात तर बक्षीस मिळालेच असते, हे सिद्ध करणे अवघड आहे, ही मर्यादा आधीच ओळखून ठेवावी.

आता मालकी. कॉपीराइट कायदा, १९५७मध्ये संगणक प्रोग्रामचा समावेश ‘साहित्यकृती’त होतो आणि त्याचा पहिला मालक म्हणजे तो लिहिणारा, म्हणजे आपण. हा हक्क दुसऱ्याकडे जाण्यासाठी कलम १९ प्रमाणे लेखी दस्त लागतो आणि त्यावर हक्क देणाऱ्याची स्वाक्षरी लागते. कृती कोणती, कोणते हक्क, किती मुदतीसाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि मोबदला किती, हेही त्यात यावे लागते. मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००चे कलम १०अ करार केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात झाला म्हणून तो नाकारू देत नाही, हे खरे. पण ‘मान्य’वरील टिचकी म्हणजे कायद्याला अभिप्रेत असलेली इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. एका ओळीच्या नियमाने आपला गेम आयोजकांच्या मालकीचा होत नाही.

येथे एक सावधगिरी बाळगावी. कॉपीराइट कायद्याच्याच कलम ३०खालील परवान्यासाठी (मालकी न देता दिलेल्या वापराच्या परवानगीसाठी) २०१२च्या दुरुस्तीनंतर स्वाक्षरीची अट राहिलेली नाही, लेखी परवाना पुरतो. त्यामुळे गेम दाखवण्यापुरती परवानगी आपण दिली होती, असे आयोजक म्हणू शकतील, आणि स्पर्धेच्या निकालापुरते ते मान्य करायलाही हरकत नाही. बाद केलेला गेम आयोजकांनी स्वतःच्या ॲपमध्ये वापरणे हे त्यापलीकडचे आहे. शिवाय नावे गाळणे कोणत्याच अर्थाने चालत नाही: त्याच कायद्याच्या कलम ५७नुसार कृती आपली आहे असे सांगण्याचा कर्त्याचा हक्क कॉपीराइट विकल्यानंतरही त्याच्याकडेच राहतो.

आपल्या मामेबहिणीचा मुद्दा आपण पत्रात जाता जाता लिहिला आहे. माझ्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा आहे. चित्रे ही स्वतंत्र कलाकृती आहे आणि तिची मालक ती आहे. कर्ती होण्यासाठी वयाची अट नाही, पण करार करण्यासाठी १८ वर्षे पूर्ण असावी लागतात, आणि अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालील, व्यक्तीचा करार मुळातच शून्य (रद्दबातल) ठरतो, हे ब्रिटिशकाळातील सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने १९०३मध्ये मोहोरी बीबी खटल्यात सांगितले ते आजही लागू आहे. तिने स्वतः टिचकी मारली असती तरी ती बांधली गेली नसती. आणि आपण मारलेल्या टिचकीने तिची चित्रे देऊन टाकण्याचा अधिकार तर आपल्यालाही नव्हता. तिच्या वतीने नोटीस तिच्या वडिलांनी किंवा आईने पालक म्हणून द्यावी.

पुराव्याची तयारी आजच करा. मूळ झिप फाइलला हात लावू नका, ती पुन्हा झिप करू नका. तिचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारा तिचा डिजिटल ठसा, काढून तारखेसह लिहून ठेवा. गिटमधील (कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनातील) कमिटचा, म्हणजे वेळोवेळच्या बदलांच्या नोंदींचा, इतिहास, चित्रांच्या थर असलेल्या मूळ फाइली, नोंदणीच्या दिवशीच्या नियमावलीची प्रत, बाद केल्याचा ईमेल आणि ॲपमधील गेमचे स्क्रीनशॉट जपा. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३च्या कलम ६३खालील प्रमाणपत्रात हॅश नमूद करावा लागतो. तो आता काढलात तर पुढे अडणार नाही.

नोटिशीत १५ दिवसांत गेम ॲपमधून काढण्याची आणि वापराचा हिशोब देण्याची मागणी करा. दाद मिळाली नाही, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२(२)मुळे आयोजकांच्या गावी जाण्याची गरज नाही. आपण राहता त्या नाशिक जिल्ह्यात दावा दाखल करता येतो. मुदत ३ वर्षांची आहे, परंतु मनाई हुकूम मागायचा असेल तर दिरंगाई आपल्यावरच उलटते, म्हणून नोटीस याच महिन्यात जाऊ द्या.