उबुंटूवर यंत्राचे नाव बदलल्यापासून प्रत्येक ‘सुडो’ (प्रशासकाच्या अधिकाराने चालवलेल्या) आज्ञेनंतर ‘अनेबल टू रिझॉल्व्ह होस्ट’ असा संदेश का येतो?

‘/इटीसी/होस्टनेम’मध्ये आपण नवे नाव घातले असले तरी ‘/इटीसी/होस्ट्स’ या फाइलमधील १२७.०.१.१ ने सुरू होणाऱ्या ओळीत बहुधा जुनेच नाव राहिले आहे. ते बदलून फाइल जतन केली की संदेश थांबेल. सुडो चालताना यंत्राच्या स्वतःच्या नावाचा पत्ता शोधते आणि तो या फाइलमध्ये नसला की विचारणा डीएनएस सर्व्हरकडे, म्हणजे नावांचे पत्ते सांगणाऱ्या नेटवर्कवरील यंत्राकडे, जाते, ज्याला आपल्या घरच्या यंत्राचे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. आज्ञेला काही सेकंद उशीर होत असेल, तर तोही बहुधा याच निष्फळ वाट पाहण्याचा. संदेश आला तरी सुडो आपले काम करते, त्यामुळे फाइल ‘सुडो नॅनो’नेच (नॅनो हा मजकूर-संपादक) उघडावी आणि १२७.०.०.१ व लोकलहोस्ट यांच्या ओळीला हात लावू नये. दुरुस्तीनंतरची पडताळणी ‘गेटएंट होस्ट्स’ या आज्ञेपुढे नवे नाव लिहून करावी. अनेक जण येथे ‘डिग’ वापरतात आणि उगाच गोंधळतात, कारण ती आज्ञा ‘/इटीसी/होस्ट्स’ फाइल स्वतः न वाचता थेट डीएनएस सर्व्हरला विचारते. मात्र भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर ‘क्लाउड-इनिट’ (सर्व्हर सुरू होताना त्याची मांडणी करणारा प्रोग्राम) ही होस्ट्स फाइल सांभाळत असेल, तर यंत्र पुन्हा सुरू होताच आपला बदल पुसला जाऊ शकतो, तेथे क्लाउड-इनिटचा ‘मॅनेज_इटीसी_होस्ट्स’ हा पर्याय आधी तपासावा.