अंगठी हरवली, आता मशीन आणू का?

पाऊस संपून कोजागिरी, दिवाळी, लग्नं सुरू झाली की या सदराकडे दागिने हरवल्याचे प्रश्न यायला लागतात, यावेळी तर इतके आले की बाकीचं सगळं पुढच्या अंकावर ढकललं आणि ही पानं मेटल डिटेक्टरलाच देऊन टाकली. नावं छापत नाही, फक्त एरिया देतोय.

प्रश्न: दादा, आमच्या सोसायटीत पोडियमवर लॉन आहे, तिथे कोजागिरीच्या रात्री मुलांबरोबर फ्रिसबी खेळताना माझ्या बोटातली साखरपुड्याची अंगठी उडाली. चार ग्रॅमची, साधी गोल, खडा नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या जणींनी रांगेत बसून गवत चाचपलं पण नाही मिळाली. मुलाने मोबाईलवर मेटल डिटेक्टरचं ॲप टाकलं, त्यात नुसता लोखंडी बाक सापडला. आता ऑनलाइन मशीन मागवू का? (कोलशेत, ठाणे)

उत्तर: ताई, आधी ते ॲप काढून टाका. मोबाईलमधला सेन्सर होकायंत्राचा असतो, त्याला लोखंड, स्टील, स्पीकरचं मॅग्नेट एवढंच कळतं, सोन्याला चुंबक लागतच नाही त्यामुळे अंगठी फोनखाली ठेवली तरी आकडा हलणार नाही. खऱ्या मशीनचं काम वेगळं आहे. त्याच्या खालच्या ताटलीत, म्हणजे कॉइलमधे, तारेची वेटोळी असतात, त्यातून सतत उलटसुलट होणारा करंट जातो, त्याचं चुंबकीय क्षेत्र जमिनीत शिरतं आणि वाटेत कुठलाही धातू आला की त्या धातूत बारीक करंट गोल फिरायला लागतो, त्याची चाहूल मशीनला लागते आणि ते वाजतं. अंगठी म्हणजे तर बंद गोल, करंटला फिरायला तयार रस्ता, म्हणून सगळ्या दागिन्यांत अंगठी शोधायला सोपी. ही झाली तुमच्या बाजूची गोष्ट.

विरुद्ध बाजूची गोष्ट म्हणजे तुमचा पोडियम. वर लॉन दिसतं पण खाली थोडी माती, वॉटरप्रूफिंग आणि मग पार्किंगचा स्लॅब, त्यात सळ्यांची जाळी. मशीनची सेन्सिटिव्हिटी फुल ठेवून फिरवलंत तर पावलोपावली वाजेल आणि तुम्ही कंटाळून घरी जाल. हे दुखणं जुनंच आहे बरं का. १८८१ मधे अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली तेव्हा टेलिफोनवाला ग्रॅहम बेल स्वतः असलंच यंत्र घेऊन त्यांच्या अंगातली गोळी शोधायला गेला होता, गोळी काही सापडली नाही, यंत्र भलतीकडेच कुरकुरत राहिलं, त्याचा दोष नंतर गादीतल्या स्टीलच्या स्प्रिंगांवर टाकला गेला. तुमच्या लॉनची गादी म्हणजे तो स्लॅब. पण अंगठी पडून थोडेच दिवस झालेत, ती असणार वरच्या इंच-दोन इंचात, गवताच्या मुळांशी. मग खोल बघायचंच कशाला, सेन्सिटिव्हिटी एवढी कमी करा की स्लॅब गप्प बसेल आणि वरवरचं तेवढं वाजेल. छोटी कॉइल मिळाली तर उत्तम. बागेतले दिवे आणि त्यांची वायरिंग मेनस्विचवरून बंद करून घ्या, त्यानेही मशीन उगाच बडबडतं.

पण मशीनच्या आधी तीन कामं करा, आजच. माळीकाकांना सांगा की गवत कापायचं मशीन त्या भागात फिरवायचं नाही आणि नवीन लाल माती टाकायची नाही, कारण अंगठी ब्लेडखाली आली तर वाकेल नाहीतर तुटेल, आणि तुटलेल्या अंगठीत करंटचा गोल पुरा होत नाही त्यामुळे सिग्नलही मरतो. दुसरं, झाडूवाल्यांनी त्या सकाळी कचरा कुठे टाकला ते विचारा. तिसरं म्हणजे जागा. अंगठी नाही हे जिथे लक्षात आलं तिथे सगळे शोधत बसतात, पण फ्रिसबी फेकताना हाताला झटका बसतो आणि अंगठी त्या दिशेने उडते, लांब जाते. तुम्ही जिथे उभ्या होतात तिथेच उभं राहा, अंगठीच्या वजनाचा एखादा वॉशर घ्या, त्याला लाल रिबीन बांधा आणि तसाच हात झटकून चार-पाच वेळा सोडा. वॉशर जिथे जिथे पडले तो पट्टा तुमचा. बायकांनी रांगेत बसून जो भाग चाचपला तो यात होता का नव्हता ते तुम्हालाच कळेल.

आता मशीन आणलंच तर त्याला सोनं ओळखता येतं या भ्रमात राहू नका. स्क्रीनवर जो आकडा येतो तो धातूचं नाव सांगत नाही, वस्तू किती मोठी आणि तिच्यातून करंट किती सहज फिरतो याचा अंदाज असतो, आणि सोन्याच्या अंगठीचा आकडा नेमका सिगरेटच्या पाकिटातली चांदी, गोळ्यांच्या स्ट्रिपचे तुकडे, कॅनची कडी यांच्या आसपास येतो. दुकानदार सांगतो हे बटण दाबा, कचरा वाजणार नाही, ते दाबलंत की कचऱ्याबरोबर अंगठीही वाजायची बंद. त्यापेक्षा मिस्टरांची अंगठी साधारण तशीच असेल तर ती त्याच लॉनवर ठेवा, वरून कॉइल फिरवा, आवाज कसा येतो, आकडा किती येतो ते लिहून ठेवा, लगेच उचलून बोटात घाला (नाहीतर दोन शोधायला लागतील), आणि मग सुतळीने पट्टे आखून त्याच आकड्याच्या आजूबाजूचं तेवढं तपासा. कॉइल जमिनीला जवळजवळ टेकवून, आडवी, सावकाश, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर थोडी चढवून. घाईघाईत हात वर-खाली झुलवत जे फिरवतात त्यांचा निम्मा पट्टा सुटलेला असतो.

मागवू का म्हणाल तर, एका अंगठीसाठी नको. मॉलच्या दारात सिक्युरिटीवाले अंगावरून फिरवतात तो हातातला दांडा एखाद्या दिवसासाठी कुणाकडून मिळतो का बघा, त्याची पोच अगदी कमी असते म्हणून स्लॅबचा त्रास नाही आणि गवतातल्या अंगठीला तेवढी पोच पुरते. गुडघ्यांवर बसून फिरवावा लागेल एवढंच.

प्रश्न: वाशीला सागर विहारजवळ संध्याकाळी चालताना मंगळसूत्र तुटलं, घरी आल्यावर कळलं. बारीक चेनचं आहे, मधे काळे मणी आणि दोन वाट्या. मशीनने मिळेल का? भाऊ म्हणतो मिळेलच. (ऐरोली)

उत्तर: भावाला सांगा, चेनचं गणित उलटं असतं. लोकांना वाटतं अठरा इंची चेन म्हणजे मोठी वस्तू, पण करंट एका कडीतून दुसऱ्या कडीत नीट जात नाही, प्रत्येक कडीत वेगळा फिरतो, त्यामुळे मशीनला अख्खी चेन दिसत नाही, एक कडी दिसते आणि तेवढी बारीक कडी बऱ्याच मशीनना ऐकूच येत नाही. तुमच्या मंगळसूत्रात वाजलंच तर वाट्या आणि हूक वाजतील, तेही वरवर असतील तर. म्हणून आधी डोळे. काळे मणी ओवलेले असतील तर तुटल्या ठिकाणी ते सांडतात, मणी सापडले की जागा सापडली. अंधार पडल्यावर टॉर्च हातात उंच धरू नका, जमिनीला लावून आडवा मारा, पेव्हर ब्लॉकच्या फटीत अडकलेलं सोनंही चमकतं. पदर, ओढणी, ड्रेसचं अस्तर, गाडीची सीट हे बघून झालं असेल असं धरतो, नसेल तर मासिक खाली ठेवा आणि आधी ते बघा. ट्रॅक सोडून खाली खाडीच्या चिखलात आणि खारफुटीत मात्र उतरू नका, पाय कमरेपर्यंत जातो, खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे, आणि खाऱ्या चिखलात साधं मशीन तसंही भांबावतं.

प्रश्न: किहीमला कमरेएवढ्या पाण्यात अंगठी गेली. आता काही आशा? (नेरूळ)

उत्तर: आहे, पण भरती-ओहोटी बघून. सोनं पाण्याच्या एकोणीसपट जड, दागिन्याचं २२ कॅरेट त्याहून जरा हलकं पण तरी वाळूपेक्षा कितीतरी जड, त्यामुळे लाटेबरोबर वाहत जात नाही, जागच्या जागी वाळूत खाली बसतं. कमरेएवढं पाणी भरतीला होतं की ओहोटीला ते आठवा. भरतीला असेल तर ओहोटीला ती जागा उघडी पडेल. आपल्याकडे कोळी लोकांचा हिशेब आहे, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ येते, म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी, पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास भरती आणि साडेपाचला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी जास्त मागे जातं, तेव्हाच जा. जागेसाठी त्या दिवशी काढलेले फोटो बघा, मागे कुठलं झाड, कुठलं हॉटेल, कोणता डोंगर दिसतो ते जुळवा. मशीन कुणाचं आणणार असाल तर आधी विचारा की ओल्या खाऱ्या वाळूवर चालतं का. खारं पाणी स्वतःच करंट वाहतं म्हणून एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारं साधं मशीन तिथे वेड्यासारखं ओरडतं, पल्स इंडक्शनवालं (सतत करंटऐवजी थांबून थांबून झटके सोडणारं) किंवा एकदम अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारं लागतं. पल्सवाल्याला लोखंड नीट वेगळं काढता येत नाही, म्हणजे प्रत्येक खिळ्यासाठी खणा. मधे एखादा पावसाळा गेला तर वाळूचा थर इतका हलतो की मग मी तरी उन्हात जाणार नाही.

प्रश्न: बाप्पाच्या गळ्यातली तुशी काढायची राहिली आणि कृत्रिम तलावात विसर्जन झालं. (कोपरी, ठाणे)

उत्तर: दरवर्षी कुणाचं तरी हे होतंच. मूर्ती किती वाजता, कुठल्या तलावात, केवढी, मुकुट कसला हे लिहून घेऊन लगेच तिथल्या स्वयंसेवकांना आणि प्रभाग कार्यालयात कळवायचं. प्लास्टरची मूर्ती असेल तर पटकन विरघळत नाही, ती ओळखून बाहेर काढता येते आणि बरेचदा दागिना गळ्यातच असतो. शाडूची असेल तर खाली गाळ, आणि तुशीचे मणी दोऱ्यात ओवलेले म्हणजे मशीनसाठी सुटे दाणे, इथे मशीनपेक्षा चाळणी बरी. तलाव रिकामा करतात तेव्हा समोर उभं राहून गाळ चाळू द्या अशी विनंती करा. स्वतः पाण्यात उडी मारू नका.

प्रश्न: भांडी घासताना अंगठी सिंकमधे गेली. (वर्तकनगर)

उत्तर: नळ बंद. सिंकखालच्या बॉटल ट्रॅपखाली बादली ठेवा आणि त्याची वाटी हाताने फिरवून काढा, बहुतेक तिथेच असते. बाथरूममधे गेली असेल तर नहाणी ट्रॅपची जाळी काढून ग्लोव्हज घालून आत हात घाला. कमोडमधे गेली असेल तर फ्लश करू नका, प्लंबर बोलवा. मशीनबिशीन काही नको.

प्रश्न: मी कॉलेजला आहे, सेकंडहँड मशीन घेतलंय. वीकेंडला येऊरला आणि किल्ल्यांवर फिरवायचा प्लॅन आहे, आणि लोकांचे दागिने शोधून द्यायचा साइड बिझनेस. सापडलेलं ठेवता येतं ना? (घणसोली)

उत्तर: मित्रा, येऊर आणि किल्ले प्लॅनमधून काढ. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथे खणाखणी केलीस तर वनखातं मशीनसकट घेऊन जाईल. संरक्षित स्मारकांना केंद्राचा १९५८चा आणि राज्याचा १९६०चा कायदा आहे, परवानगीशिवाय उत्खनन म्हणजे गुन्हा, मग भोक चार इंचाचं का असेना. आणि कुठेही जमिनीत पुरलेलं जुनं काही दहा रुपयांहून जास्त किमतीचं सापडलं तर १८७८च्या ट्रेझर ट्रोव्ह म्हणजे गुप्तधनाच्या कायद्याने कलेक्टरला कळवावं लागतं, हो, दहाच रुपये, इंग्रजांच्या काळातला आकडा आहे.

आजकालच्या माणसाची हरवलेली अंगठी सापडली तर ती तुझी होत नाही. मालक शोधायचा प्रयत्न न करता खिशात टाकलीस तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ आहे. बिझनेसचं म्हणशील तर चांगला आहे, पण पैसे आधी बोल. १८७२च्या करार कायद्यात, कलम १६८, असं आहे की आपणहून शोधायला घेतलेल्या कष्टांचे पैसे मालकावर दावा लावून मागता येत नाहीत, पैसे मिळेपर्यंत वस्तू ताब्यात ठेवता येते, आणि मालकाने ठरावीक बक्षीस जाहीर केलं असेल तर त्यासाठी मात्र दावा करता येतो. म्हणून जायच्या आधी व्हॉट्सॲपवर लिहून घे, येण्याजाण्याचे किती, सापडलं तर किती, नाही सापडलं तर किती. काही जण सोन्याच्या किमतीचा निम्मा वाटा मागतात असं कानावर येतं, मला ते पटत नाही, रडवेल्या माणसाशी घासाघीस करणं बरं दिसत नाही. आणि ठाण्याच्या डोंगराकडच्या काळ्या दगडाच्या मातीत लोहाचा अंश भरपूर, तिथे मशीन सुरू करून आधी ग्राउंड बॅलन्स करायला, म्हणजे मातीतल्या लोहाकडे मशीनला दुर्लक्ष करायला लावायला शिक, नाहीतर गिऱ्हाइकासमोर फजिती होईल.

प्रश्न: तलावपाळीजवळ मला लेडीज अंगठी सापडली. मालक कसा शोधू? (नौपाडा, ठाणे)

उत्तर: आतल्या बाजूला भिंग लावून बघा, हॉलमार्क असेल तर सहा अक्षरं-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र नंबर असतो. बीआयएस केअर ॲपमधे तो टाकला की कुठल्या ज्वेलरची आणि किती कॅरेटची हे कळतं, मालकाचं नाव कळत नाही, पण त्या ज्वेलरकडे बिलाची नोंद सापडू शकते. जुन्या अंगठीवर हे नसेल. ग्रुपवर टाकायचं असेल तर फोटो टाकू नका, नुसतं अंगठी सापडली एवढं लिहा आणि खडा, नक्षी, आतली अक्षरं समोरच्याला सांगू द्या, नाहीतर एका अंगठीचे सात मालक उभे राहतात. दोन-तीन दिवसांत कुणी नाही आलं तर पोलिस स्टेशनात जमा करा, वजन आणि वर्णन लिहिलेली पोच घेऊनच तिथून निघा.