उपनगरातली ये-जा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पाचगावात आमच्या वसाहतीत सुमारे ४०० घरं आहेत आणि बहुतेक दारांत दोन-दोन दुचाक्या. दर २० मिनिटांनी बस मिळावी, तीही आतल्या सगळ्या गल्ल्यांतून फिरणारी, असं निवेदन के.एम.टी.ला (कोल्हापूर महापालिकेच्या बससेवेला) द्यायचं ठरतंय. त्यात काय लिहावं?

उत्तर : तुमची दुसरी मागणी पहिलीच्या मुळावर येते. हिशेब मांडून पाहा. मार्ग ७ किलोमीटरचा धरा. गर्दीच्या वेळी थांबे धरून बसचा वेग ताशी १५ किलोमीटर पडला, तर जायला २८ मिनिटं, यायला २८ आणि दोन्ही टोकांना मिळून १४ मिनिटं थांबणं. म्हणजे एक चक्कर ७० मिनिटांची. दर २० मिनिटांनी बस हवी तर ७० भागिले २०, साडेतीन. म्हणजे चार बस, शिवाय दोन्ही पाळ्यांचे चालक-वाहक. आता हीच बस गल्ल्यांतून जाताना दीड आणि येताना दीड किलोमीटर जास्त फिरवा. चक्कर ८२ मिनिटांची होते आणि पाचवी बस लागते. ती मिळाली नाही की वेळापत्रक कोलमडतं, आणि ज्या बसची वेळ सांगता येत नाही तिच्यासाठी कुणी गाडी घरी ठेवत नाही. म्हणून बस मुख्य रस्त्यावरून सरळ जाऊ द्या आणि थांबा प्रत्येक घरापासून चालत ४०० मीटरच्या आत, म्हणजे पाच मिनिटांवर, येईल असं पाहा.

हे अंतर नकाशावर पट्टीने मोजू नका, पायी चालून मोजा. मध्ये ओढा किंवा कंपाउंडची भिंत आली की ४०० मीटरचे सहज ९०० होतात. अशा ठिकाणी ओढ्यावर पायी जाण्यापुरता साकव किंवा भिंतीत फाटक हे नव्या बसपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

मग घरोघर माहिती घ्या. ‘बस आली तर जाल का?’ हा प्रश्न अजिबात विचारू नका. त्याला सगळेच ‘हो’ म्हणतात आणि सकाळी किक मारून निघतात. ‘मागच्या मंगळवारी घरातलं कोण कुठे गेलं, किती वाजता निघालं, कशाने गेलं, किती वाजता परतलं’ एवढंच लिहून घ्या. याच्या जोडीला वसाहतीच्या तोंडाशी दोघांनी सकाळी ८ ते १०.३० बसून दर १५ मिनिटांची मोजणी करावी : पायी, सायकल, एकटा दुचाकीस्वार, दोघे असलेली दुचाकी, रिक्षा, वडाप (सीटवर भाडं घेणारी खासगी गाडी), चारचाकी. शाळा सुरू असताना, मंगळवार ते गुरुवार मोजा. नवरात्रात मोजू नका. अंबाबाईच्या दर्शनाच्या गर्दीने सगळे आकडे फिरतात.

परतीच्या वेळेचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. दुकानात काम करणारी बाई रात्री नऊला सुटत असेल आणि शेवटची बस आठला जात असेल, तर ती सकाळचीही बस सोडते. त्यामुळे निवेदनात रात्रीची एक फेरी दुपारच्या दोन फेऱ्यांच्या आधी मागा.

सध्याच्या मार्गावर कोणत्या थांब्यावर किती तिकिटं निघतात हे वाहकाच्या तिकीट-यंत्रात नोंदलेलं असतं. माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करा; ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. हे आकडे, तुमची मोजणी आणि ग्रामसभेचा ठराव एकत्र जोडा. वर्षात किमान चार ग्रामसभा होतात, त्यामुळे ठरावासाठी वर्षभर थांबावं लागत नाही. मागणी तीन महिन्यांच्या प्रायोगिक फेरीची करा, आणि अर्ज अंदाजपत्रक तयार होण्याआधी, डिसेंबरपर्यंत पोहोचवा.

प्रश्न : फुलेवाडीत शाळेजवळच्या आतल्या रस्त्यावर गतिरोधक केला, पण दुचाकी कडेच्या फटीतून भरधाव जातात आणि मुलांना चालायला जागा उरत नाही. काय करावं?

उत्तर : हातभर रुंदीचा डांबरी उंचवटा हा गतिरोधक नव्हेच. त्याने पाठीला हिसका बसतो, वेग मात्र दोन क्षणांपुरताच उतरतो. इंडियन रोड्स काँग्रेसचं माप ३.७ मीटर रुंद, मधोमध १० सेंटिमीटर उंच, गोलसर असं आहे. त्यावरून ताशी २५ किलोमीटरने गाडी सुखाने जाते, त्याहून जोरात नाही. फट ठेवतात ती पावसाच्या पाण्यासाठी. ती बुजवली तर जुलैत तिथे तळं साचेल, म्हणून उंचवटा कडेपर्यंत न्या आणि खालून पाइप घाला, किंवा फटीच्या तोंडाशी खांब रोवा. पुढे फलक आणि पट्टे हवेतच, नाहीतर रात्री अपघात ठरलेला.

पदपथ १.८ मीटर मोकळा हवा. मोकळा म्हणजे विजेचा खांब, डीपी (विजेची पेटी) आणि टपरी वगळून. उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर आजीआजोबा रस्त्यावरूनच चालणार. उताराचं प्रमाण १:१२, म्हणजे १५ सेंटिमीटर चढायला १.८ मीटर लांबीचा उतार लागतो. गगनबावड्याकडे जाणाऱ्या मुख्य रस्त्यासाठी मात्र गतिरोधक मागू नका. तिथे उपाय वेगळे लागतात. अर्जाआधी रस्ता महापालिकेचा, जिल्हा परिषदेचा की सार्वजनिक बांधकाम विभागाचा हे विचारून घ्या. चुकीच्या टेबलावरचा कागद महिनोन्‌महिने तसाच पडतो.

प्रश्न : उजळाईवाडीहून गोकुळ शिरगावला कामाला जाणाऱ्यांसाठी थांब्याजवळ सायकल स्टँड करायचा आहे. कसा करावा?

उत्तर : फक्त पुढचं चाक अडकवायचे जाळीचे स्टँड घेऊ नका. वाऱ्याने सायकल कलली की रिम वाकते आणि कुलूपही चाकालाच लागतं. ५० मिलिमीटर व्यासाचा गॅल्व्हनाइज्ड पाइप उलट्या ‘यू’ आकारात वाकवा, जमिनीवर ७५ ते ८० सेंटिमीटर उंच, खाली ३० सेंटिमीटर काँक्रीटमध्ये. दोन कमानींत एक मीटर अंतर, प्रत्येकीला दोन्ही बाजूंनी एकेक सायकल. एका मोटारीच्या ५ बाय २.५ मीटर जागेत दहा सायकली मावतात. छताची पश्चिमेची बाजू पत्र्याने बंद करा, कारण आपल्याकडे पावसाची झड तिकडूनच येते. दुसऱ्या पाळीचे लोक रात्री परततात, तेव्हा दिवा स्टँडच्या आत लावा. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड छताखाली पोहोचत नाही.