ओहायोतली चालू फार्मसी विकत घ्यावी का? 'राज्याचा कायदा आता दुकानदाराच्या बाजूने आहे' हे कितपत खरं?

तुमचे मेहुणे ओहायोतल्या एका फार्मसीत नोकरीला आहेत, मालक निवृत्त होतोय आणि दुकान त्यांनाच विकायला तयार आहे, असं तुम्ही लिहिलंय. विक्री दणदणीत, नफा मात्र नावापुरता. त्यावर मालकाचं म्हणणं असं की वाईट दिवस सरले, राज्याने पीबीएमना (विमा कंपनी आणि दुकान यांच्या मधे बसून औषधाचे दर ठरवणाऱ्या कंपन्यांना) वेसण घातलीय, इथून पुढे पैसे नीट मिळतील. या भरवशावर कर्ज काढावं का, हा तुमचा प्रश्न.

मी ओहायोतच एका स्वतंत्र, म्हणजे कुठल्या साखळीत नसलेल्या, फार्मसीत फार्मासिस्ट आहे. मालक थापा मारत नाहीये. पण तो म्हणतोय ते दुकानात येणाऱ्या काही गिऱ्हाइकांपुरतंच खरं आहे. ती गिऱ्हाइकं किती, ते ताळेबंद वाचून कळायचं नाही. पेशंट खिशातून विम्याचं कुठलं कार्ड काढतो त्यावर राज्याचा कायदा लागतो की नाही ते ठरतं.

आधी पैसे येतात कसे ते बघा. आपल्याकडे पाकिटावर एमआरपी छापलेली असते. नियंत्रित यादीतल्या औषधाच्या कमाल किमतीत किरकोळ विक्रेत्याचे १६ टक्के सरकारनेच धरलेले असतात. माल हातात पडतानाच केमिस्टला ठाऊक असतं की यात आपले किती. इथे तसं काही नाही. पेशंटने कार्ड दिलं की आम्ही त्यावरचा बिन नंबर, पीसीएन आणि ग्रुप नंबर, म्हणजे योजना ओळखायचे क्रमांक, भरून क्लेम पाठवतो. दोन-चार सेकंदांत उत्तर येतं: औषधाचे इतके, डिस्पेन्सिंग फी, म्हणजे औषध देण्याची मजुरी, इतकी, पेशंटकडून को-पे, म्हणजे त्याचा वाटा, इतका घ्या. या बाटलीवर आपण कमावलं की गमावलं, ते तेव्हा कुठे कळतं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तोट्याचा आकडा लाल होतो. समोर पेशंट उभा असतो, आणि करारानुसार सहसा तोंडातून अवाक्षर न काढता औषध द्यायचं असतं.

समजा, मधुमेहाचं ते आठवड्यातून एकदा टोचायचं इंजेक्शन आहे. होलसेलरकडून ९५० डॉलरला घेतलं, परत आले ९२०. तीस डॉलर खिशातून गेले, पण वर्षाच्या विक्रीत मात्र ९२० ची भर पडली! तुमच्या मेहुण्यांना दाखवलेली विक्री दणदणीत असण्याचं एक कारण हेच असू शकतं. गेल्या काही वर्षांत या इंजेक्शनांनी कित्येक दुकानांची विक्री फुगवली आणि गल्ला रिकामा केला.

हे दर ठरवणारा तो पीबीएम, म्हणजे फार्मसी बेनिफिट मॅनेजर. विमा कंपनी किंवा नोकरी देणारी कंपनी एका बाजूला, दुकान दुसऱ्या बाजूला, आणि हा मध्ये. सीव्हीएस केअरमार्क, एक्स्प्रेस स्क्रिप्ट्स आणि ऑप्टम आरएक्स या तिघांच्या हातून देशातली सुमारे ८० टक्के प्रिस्क्रिप्शन्स जातात. तिघेही बड्या विमा कंपन्यांच्या गोतावळ्यातले, आणि तिघांच्याही घरच्या फार्मसी आहेत, कुणाच्या रस्त्यावर तर कुणाच्या टपालाने औषध पाठवणाऱ्या. म्हणजे तुमचा दर ठरवणारा तुमचा स्पर्धकही. जेनेरिक औषधांसाठी प्रत्येक पीबीएम स्वतःची दरयादी ठेवतो, तिला आम्ही मॅक म्हणतो. तुम्ही कितीला घेतलंत याच्याशी त्या यादीला कर्तव्य नसतं. वाटाघाटी वगैरे नावाला. छोटी दुकानं पीएसएओ नावाच्या संस्थांमार्फत करार करतात आणि पुढ्यात येईल त्यावर सही करतात.

आता राज्याकडे येऊ, कारण ओहायोचं प्रकरण देशभर गाजलं होतं. गरिबांसाठीची मेडिकेड योजना इथे खासगी कंपन्यांमार्फत चालते आणि त्या कंपन्या औषधांचं काम पीबीएमकडे देतात. दुकानांना मिळणारे पैसे अचानक घसरले, तशी ओरड झाली. कोलंबस डिस्पॅच या वृत्तपत्राने विषय लावून धरला आणि २०१८ मध्ये तेव्हाचे राज्य लेखापरीक्षक डेव्ह योस्ट यांनी हिशेब बाहेर काढला. मार्च २०१८ ला संपलेल्या एका वर्षात पीबीएमनी योजनांकडून घेतलेले आणि दुकानांना दिलेले पैसे यात २२ कोटी ४८ लाख डॉलरचा फरक होता. एकूण खर्चाच्या ८.८ टक्के. नुसत्या जेनेरिकवर पाहिलं तर ३१ टक्क्यांहून जास्त. या फरकाला इथे स्प्रेड म्हणतात. पैसे करदात्यांचे, औषध देणारे आम्ही, आणि मधला वाटा किती हे राज्यालाच माहीत नाही. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, दुसरं काय.

पुढच्या वर्षापासून मेडिकेडमध्ये स्प्रेड बंद झाला, आणि ऑक्टोबर २०२२ पासून सगळ्या मेडिकेड कंपन्यांसाठी राज्याने गेनवेल हा एकच पीबीएम नेमला. मालक ज्याला वेसण म्हणतोय ती ही. मेडिकेडचा हिशेबच वेगळा आहे. २०१६ च्या केंद्रीय नियमानुसार राज्य स्वतः थेट पैसे देतं तिथे औषधाची खरी खरेदी किंमत आणि वर व्यावसायिक डिस्पेन्सिंग फी द्यायची असते. खरेदी किंमतीसाठी बरीच राज्यं नॅडॅक वापरतात. देशभरच्या दुकानांच्या बिलांवरून काढलेली ही सरासरी केंद्राची यंत्रणा दर आठवड्याला जाहीर करते. ओहायोने २०१७ मध्ये फीच्या चार पायऱ्या केल्या होत्या: वर्षाला ५० हजारांपेक्षा कमी प्रिस्क्रिप्शन्स भरणाऱ्या दुकानाला १३.६४ डॉलर, लाखाच्या पुढच्याला ८.३०. खासगी कार्डावर हीच फी कित्येकदा एका डॉलरच्याही आत असते. मेडिकेडमध्ये कंपन्यांच्या पीबीएमना बाजूला सारणारं ओहायो एकटं नाही. शेजारच्या वेस्ट व्हर्जिनियाने २०१७ मध्येच मेडिकेडची औषधं कंपन्यांच्या हातून काढून घेतली, मग २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाने, २०२३ मध्ये न्यूयॉर्कने.

तेव्हा दुकानातले बरेच पेशंट मेडिकेडचे असतील तर मालकाच्या बोलण्यात वजन आहे.

खरी गुंतागुंत खासगी कार्डांची. दोन माणसं येतात, दोघांच्या कार्डावर एकाच विमा कंपनीचं नाव, एकच बोधचिन्ह. पहिला नोकरी करतो त्या कंपनीने खरोखर विमा विकत घेतलाय, त्याला राज्याचे विमा कायदे लागतात. दुसऱ्याची कंपनी मोठी आहे, ती उपचारांचे पैसे स्वतःच्या तिजोरीतून भरते आणि विमा कंपनीला फक्त कारभार बघायला ठेवते. अशा योजना एरिसा या १९७४ च्या केंद्रीय कायद्याखाली येतात आणि राज्याचे बरेचसे नियम तिथे थांबतात. कंपनीकडून विमा मिळणाऱ्यांपैकी साठ टक्क्यांहून जास्त कामगार अशाच योजनांत आहेत. आणि काउंटरवर कार्ड उलटसुलट करून पाहिलं तरी तो कुठला, हे बहुतेकदा कळत नाही.

एरिसाची ही भिंत कुठवर, यावर वर्षानुवर्षं कोर्टबाजी चाललीय. आर्कान्साने २०१५ मध्ये कायदा केला: पीबीएमने मॅक यादी बाजारभावाप्रमाणे वेळेवर सुधारावी, दुकानाला अपील करता यावं, होलसेलरकडे त्याहून स्वस्त मिळतच नसेल तर दर खरेदी किंमतीपर्यंत वाढवून द्यावा, आणि तोट्याचं औषध नाकारायची मुभा दुकानाला असावी. पीबीएमची संघटना कोर्टात गेली. १० डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध शून्य मतांनी आर्कान्साच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी लिहिलेल्या निकालाचा गाभा असा की राज्याने नुसता दराचा नियम केला तर त्याने एरिसाचा भंग होत नाही. रटलेज निकाल म्हणतात तो हा. त्या दिवशी आमच्या व्यवसायातल्या लोकांनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते.

पण ओक्लाहोमाने एक पाऊल पुढे टाकलं. पेशंटने कुठल्या दुकानात जावं, अटी मान्य असलेल्या दुकानाला पसंतीच्या नेटवर्कमध्ये, म्हणजे योजनेच्या दुकानांच्या यादीत, घ्यावं की नाही, यावर त्यांनी २०१९ मध्ये नियम केले. ऑगस्ट २०२३ मध्ये दहाव्या सर्किटच्या (काही राज्यं मिळून केलेल्या विभागाच्या) केंद्रीय अपील न्यायालयाने आव्हान दिलेली कलमं रोखली. त्यांचा मुद्दा असा की हा दराचा प्रश्न राहिलेला नाही, योजनेची रचनाच राज्य ठरवू बघतंय. जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. ओहायो त्या सर्किटमध्ये येत नाही, पण दर राज्य ठरवू शकतं आणि नेटवर्कला हात लावला की अडचण, हा धोका आता सगळीकडचे वकील धरून चालतात.

कायदा झाला म्हणजे लागू झाला, असंही नसतं. आर्कान्सानेच एप्रिल २०२५ मध्ये पीबीएमना राज्यात स्वतःची फार्मसी चालवायलाच बंदी करणारा कायदा केला. देशात असा पहिलाच. तो १ जानेवारी २०२६ पासून लागू व्हायचा होता. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय न्यायाधीशांनी त्याला अंतरिम स्थगिती दिली.

तिसरा गट म्हाताऱ्यांचा, मेडिकेअर पार्ट डी या केंद्राच्या औषध-विमा योजनेचा. छोट्या गावातल्या दुकानात बहुधा हाच मोठा. इथे कायदा केंद्राचा, राज्याला फारसं काही करता येत नाही. २०२३ पर्यंत डीआयआर नावाची कापाकापी चालायची: क्लेम मंजूर, पैसे जमा, आणि काही महिन्यांनी त्यातले थोडे परत वळते. १ जानेवारी २०२४ पासून ही वजावट काउंटरवरच दिसली पाहिजे असा नियम झाला. चांगलंच झालं, पण त्या संक्रमणात दुकानांना दोन्हीकडून फटका बसला: जुन्या वर्षाची वसुली चालूच होती आणि नवे दर आधीच कमी झालेले. म्हणून मेहुण्यांना सांगा, २०२४ चे पहिले काही महिने हिशेबात वेगळे काढून बघा. ते महिने वाईट दिसले तर एवढ्यावरून घाबरू नका. पण "तेवढे महिनेच वाईट होते" असं मालक म्हणत असेल तर पुढचे महिने मागून घ्या.

आता कायद्याच्या कागदावर न दिसणाऱ्या दोन गोष्टी. पहिली, अपील. ओहायोच्या कायद्याने मॅक दराविरुद्ध अपिलाची सोय ठेवलीय, क्लेमनंतर २१ दिवसांत करायचं. मी ती करतो. बिलाची प्रत जोडायची, औषधाचा एनडीसी हा ओळख क्रमांक टाकायचा, पोर्टलवर चढवायचं. एकदा एका पीबीएमकडून उत्तर आलं की अमुक कंपनीची गोळी आमच्या दरात उपलब्ध आहे. आमच्या होलसेलरकडे ती कंपनीच नव्हती. फोन केला तर म्हणे, दुसरा होलसेलर बघा. तीन डॉलरसाठी अर्धा तास गेला. आर्कान्साच्या कायद्यात 'तुमच्या नेहमीच्या होलसेलरकडे मिळत नसेल तर' हे शब्द का घातले, ते अशा वेळी कळतं.

दुसरी जास्त चिवट आहे. करारात जीईआर, म्हणजे जेनेरिक इफेक्टिव्ह रेट नावाचं कलम असतं. वर्षभरातल्या सगळ्या जेनेरिक क्लेमची मिळून सरासरी एका ठरावीक सवलतीवर आणायची. तुम्ही एकेका गोळीवर भांडून दर वाढवून घेतलात तरी वर्षअखेरच्या गोळाबेरजेत तो परत जाऊ शकतो. कायदा एकेका क्लेमवर बोलतो, करार एकूण बेरजेवर. विकणारे मालक याबद्दल आपणहून सांगतील असं मला वाटत नाही.

म्हणून मागायचं काय? गेल्या दोन वर्षांचे क्लेम, बिन आणि पीसीएनप्रमाणे गट पाडून. सॉफ्टवेअरमधून हा रिपोर्ट निघतो, "निघत नाही" हे उत्तर ऐकून घेऊ नका. त्यात मेडिकेड किती, पार्ट डी किती, खासगी किती, आणि प्रत्येक गटात एका प्रिस्क्रिप्शनमागे सुटतात किती, ते बघा. ती महागडी इंजेक्शनं बाजूला काढून तीच बेरीज पुन्हा करा. पीएसएओचा करार आणि जीईआरचे पत्रव्यवहार मागा. चालू असलेली आणि राहिलेली ऑडिटं विचारा, कारण जुन्या क्लेमची वसुली नव्या मालकाच्या गळ्यात पडू शकते. कंपनी घ्यायची की नुसती मालमत्ता, हे फार्मसीचे व्यवहार केलेल्या वकिलालाच विचारा, ओळखीतल्या घरांच्या वकिलाला नको.

मेडिकेडचा वाटा मोठा आणि इंजेक्शनं काढूनही प्रिस्क्रिप्शनमागे खर्च भागून काही उरत असेल तर मी घेईन म्हणेन. पार्ट डी आणि मोठ्या कारखान्याच्या कामगारांची कार्डं हाच सगळा धंदा असेल तर राज्याच्या कायद्यासाठी म्हणून एक डॉलरही जास्त मोजू नका. आणि मालकाला येणाऱ्या दिवसांबद्दल इतकी खात्री असेल, तर किमतीचा एक हिस्सा पुढच्या दोन वर्षांच्या नफ्यावर बांधून घ्यायला तयार आहे का, ते विचारून बघा.